टेलव्हील विमान: चाकं टेकल्यावरच खरं काम सुरू होतं

गोंदूरला, शिरपूरला किंवा जळगावला शिकणारी पोरं हमखास विचारतात, "दादा, तुम्ही अमेरिकेत 'पायपर कब' हे छोटं विमान उडवलंय ना? शेपटीला चाक असलेलं विमान खरंच एवढं अवघड असतं का?" हवेत नाही. जमिनीवर आहे.

आपला हात नाकाखाली चाक असलेल्या सेसनावर बसलेला असतो. तिथे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून वाकडं टेकलं तरी विमान आपसूक सरळ होतं. कब, एचएएलचं जुनं पुष्पक, किंवा विष्णू माधव घाटगे यांनी रेखाटलेलं, १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं एचटी-२ (आपला माणूस, म्हणून नाव घेतोच!) यांत वजन चाकांच्या मागे. केळीनं भरलेली ट्रॉली रिव्हर्स घेऊन बघा: जरा वाकडी झाली की वाकडीच होत जाते. विमान असं गर्रकन फिरतं, हाच ग्राउंड लूप. पंखाचं टोक घासतं, कधी चाकांचा सांगाडाही मोडतो.

उपाय पायांत आहे. टाचा खाली टेकलेल्या, पंजे रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर. हलकं दाबायचं आणि लगेच सोडायचं. दाबून धरलं की विमान दुसऱ्या बाजूला पळालंच. नाक वर असल्यामुळे समोरचं दिसत नाही, तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून सारख्या दिसतायत का, तेवढं बघायचं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालवताना, तर नागमोडीच जायचं.

थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन विमानाला टेकू द्यायचं नाही. स्टिक, म्हणजे हातातला दांडा, हळूहळू मागे, आणखी मागे. उचल संपते आणि तिन्ही चाकं एकदम टेकतात. त्यानंतर स्टिक पोटाशी धरून ठेवायची, म्हणजे शेपटीच्या चाकावर भार राहतो आणि विमान वळवता येतं. व्हील लँडिंगमध्ये वेग थोडा जास्त. आधी मुख्य चाकं टेकतात, मग स्टिक किंचित पुढे. बघायला ते झकास दिसतं. पण शेपटी खाली येत असताना रडरवरचा वारा कमी झालेला असतो आणि शेपटीच्या चाकाची पकडही बसलेली नसते. माझं मत विचाराल तर पाय तयार होईपर्यंत थ्री-पॉइंटच करा. उसळी मोठी बसली तर थ्रॉटल पुढे आणि गो-अराउंड, म्हणजे पुन्हा हवेत. त्यात कसली आली लाज!

आता आपल्याकडची हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की धुळ्याची घनता उंची (म्हणजे विमानाला हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ वाटते ती उंची) साडेचार हजार फुटांच्या आसपास जाते. एअरस्पीड इंडिकेटरवर (हवेतला वेग दाखवणाऱ्या काट्यावर) आकडा नेहमीचाच दिसतो, पण जमिनीवरचा वेग जास्त असतो. विमान लांब पळतं आणि घसरलं तर जोरात घसरतं. वाऱ्याचं काय सांगायचं, साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या! आडवा वारा उभ्या शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणून वाऱ्याकडचा पंख खाली, रडर विरुद्ध बाजूला. आणि टेकल्यावर वेग उतरेल तसं एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे पट्टे) वाऱ्याकडे वाढवत न्यायचं. इथेच नवखे हात सोडतात.

अमेरिकेत यासाठी लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. साधं आणि आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग, गो-अराउंड हे सगळं त्यात येतं. तिथे जाईपर्यंत हातातल्या सेसनावर तयारी करा: सकाळच्या शांत हवेत लँडिंगनंतर नाकाचं चाक शक्य तितका वेळ वर धरा, मधली पांढरी रेघ दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवा, आणि टॅक्सी संपेपर्यंत वाऱ्याप्रमाणे एलेरॉन फिरवत राहा. शेजारी बसलेले सर काही बोलले नाहीत तरी.