कॅलिफोर्नियाची प्रायमरी: मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदच दिसत नाही? या चुका टाळा

राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या वर्षी प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची प्राथमिक फेरी, जवळ आली आणि फेब्रुवारी उजाडला की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) मराठी ग्रुपांवर हा प्रश्न हमखास येतो: "मतपत्रिका घरी आली, पण त्यात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारच नाहीत. छपाई चुकली का?"

छपाई बरोबर असते. गोम असते ती तुमच्या मतदार नोंदणीतल्या एका ओळीत, पक्षाच्या पसंतीच्या ओळीत. आणि ती बहुतेकांनी नोंदणी झाल्यापासून पुन्हा पाहिलेली नसते.

२०१० साली प्रपोझिशन १४ (थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर झाल्यापासून कॅलिफोर्नियात गव्हर्नर, सिनेटर, काँग्रेस सदस्य यांच्या प्रायमरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात. कोणीही कोणालाही मत द्यावं, पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत जातात. राष्ट्राध्यक्षपदाला हा नियम लागू नाही. तिथे पक्ष आपला उमेदवार निवडत असतो, म्हणून बाहेरच्यांना आत घ्यायचं की नाही हेही पक्षच ठरवतो. एकाच मतपत्रिकेवर दोन वेगळे नियम चालतात, आणि चांगली शिकलेली माणसंसुद्धा नेमकी इथेच गोंधळतात.

'पक्ष नको' लिहून स्वस्थ बसणं

एप्रिल २०१८ पासून डीएमव्हीत (वाहन परवान्यांच्या सरकारी कार्यालयात) लायसन्सचं काम करताना पात्र नागरिकाची मतदार नोंदणी आपोआप होते. पक्षाचा प्रश्न घाईत राहून गेला की नावापुढे 'नो पार्टी प्रेफरन्स' लागतं. आपल्याकडचे बरेच जण मुद्दामही तेच निवडतात, कारण कुठल्या पक्षाचा शिक्का नको असतो. त्यात गैर काही नाही. मात्र अशा मतदाराला आपणहून मागितल्याशिवाय राष्ट्राध्यक्षपदाची मतपत्रिका मिळत नाही.

२०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट या तीन पक्षांनी अशा मतदारांना दार उघडं ठेवलं होतं. त्यासाठी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडून एक कार्ड येतं. कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी त्यावर खूण करून परत पाठवायचं, एवढंच काम. पण जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर ते रद्दीत जातं. गेलं असेल तरी वेळ गेलेली नाही. आलेली मतपत्रिका कोरीच ठेवा, पाकिटासकट मतदान केंद्रावर घेऊन जा, ती परत करा आणि हव्या त्या पक्षाची मागा. ज्या मतपत्रिकेवर ती लढतच छापलेली नाही, तिच्यावर पेनाने उमेदवाराचं नाव लिहून काही होत नाही. ते मत मोजलं जात नाही.

रिपब्लिकन पक्षाने मात्र दोन्ही वेळा दार बंद ठेवलं. २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार निकी हेलींना मत द्यायची इच्छा असलेल्या अपक्ष मतदाराला आधी रिपब्लिकन म्हणून नोंदणी बदलणं भाग होतं. नोंदणीची नेहमीची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. त्यानंतर काउंटी कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर जाऊन बदल करता येतो, पण तिथे रांगेची तयारी ठेवा.

'इंडिपेंडंट' वाचून खूण करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण यात माणूस प्रामाणिकपणे स्वतंत्र राहायला जातो आणि नको त्या पक्षात जाऊन बसतो. नोंदणीच्या अर्जावर पक्षांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असते: अमेरिकन इंडिपेंडंट, डेमोक्रॅटिक, ग्रीन, लिबर्टेरियन, पीस अँड फ्रीडम, रिपब्लिकन. पहिलंच नाव दिसतं, त्यात 'इंडिपेंडंट' दिसतं, आणि हात तिथेच थांबतो. तो एक वेगळा, कट्टर उजवा पक्ष आहे. १९६८ साली वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस याच पक्षाच्या नावावर कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. लॉस एंजलिस टाइम्सने २०१६ मध्ये या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची पाहणी केली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश लोकांना आपण एखाद्या पक्षात आहोत हेच ठाऊक नव्हतं.

अशा मतदाराला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागूनही मिळत नाही, कारण कागदोपत्री तो दुसऱ्या पक्षाचा असतो. आधी नोंदणी बदलावी लागते. खरोखर पक्ष नको असेल तर खूण खालच्या, वेगळ्या चौकटीत करायची: 'नो पार्टी / नन'. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या 'माय व्होटर स्टेटस' पानावर आपला पक्ष दोन मिनिटांत पाहता येतो. जानेवारीतच पाहा. घरातल्या प्रत्येक मतदाराचा वेगळा पाहा, नवरा-बायकोची नोंद सारखी असेलच असं नाही.

मतपत्रिका आल्या दिवशीच भरून टाकणं

नोव्हेंबरच्या निवडणुकीत लवकर मत देणं चांगलंच. प्रायमरीत जरा दम धरा. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिका ३ फेब्रुवारीपासून निघाल्या, म्हणजे आयोवाच्या कॉकसच्याच (पक्षाच्या मतदार-सभांच्या) दिवशी. मतदान ३ मार्चला होतं. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी टॉम स्टायर यांनी २९ फेब्रुवारीला माघार घेतली, पीट बुटिजेज यांनी १ मार्चला आणि एमी क्लोबुशार यांनी २ मार्चला. तिघांची नावं मतपत्रिकेवर तशीच राहिली आणि मिळून चार लाखांहून अधिक मतं त्यांच्या खात्यात पडली. एकदा दिलेलं मत कॅलिफोर्नियात बदलून मिळत नाही.

डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण राज्यात किंवा त्या काँग्रेस मतदारसंघात किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यांमध्येच. त्यामुळे बाहेर पडून १५ टक्क्यांखाली राहिलेल्या उमेदवाराचं मत प्रतिनिधींच्या हिशेबात धरलं जात नाही. रिपब्लिकनांचा २०२४ चा नियम वेगळा होता: राज्यात निम्म्याहून जास्त मतं घेणाऱ्याला सगळेच्या सगळे १६९ प्रतिनिधी. तुमचा उमेदवार डळमळीत वाटत असेल तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा, मात्र मग पाकीट ड्रॉप बॉक्समध्येच टाका. मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत तिथे ते स्वीकारलं जातं. त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलेल्या पाकिटावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसला, तर मत बाद.

पाकिटावरची सही

प्रत्येक पाकीट एका ठरावीक मतदाराच्या नावाचं असतं. जेवणाच्या टेबलावर चौघं एकत्र बसून मतपत्रिका भरतात, पाकिटांची अदलाबदल होते, आणि बायकोच्या पाकिटावर नवऱ्याची सही जाते. सही करण्याआधी छापलेलं नाव वाचा.

ज्येष्ठांची अडचण निराळी. आई-बाबांनी लायसन्सवर इंग्रजीत सही केलेली असते आणि पाकिटावर सवयीने देवनागरीत होते. काउंटी ती सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहते. जुळली नाही तर पत्र येतं आणि दुरुस्तीची संधी मिळते, पण पत्र न उघडता पडून राहिलं तर मत वाया. सही करताना लायसन्स समोर ठेवायला सांगा.

दोन छोट्या गोष्टी

२०२४ मध्ये सिनेटची लढत मतपत्रिकेवर दोनदा होती: एकदा पूर्ण सहा वर्षांसाठी आणि एकदा डायन फाइनस्टाइन यांच्या निधनाने उरलेल्या मुदतीसाठी. अनेकांनी एक सोडून दिली. तसं दिसलं तर दोन्हीकडे मत द्या. दुसरं, मुलगा किंवा मुलगी प्रायमरीच्या दिवशी १८ पूर्ण असायला हवी. १७ वर्षांच्यांना सवलत देणारं प्रपोझिशन १८ मतदारांनी २०२० मध्ये फेटाळलं.

ग्रीन कार्डवर मत देणं

हे कधीही करू नका. प्रायमरी पक्षाची असली तरी मत फक्त अमेरिकन नागरिकालाच आहे. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे, त्यातून पुढे सिटिझनशिप अडते आणि देश सोडायची पाळीही येऊ शकते. "मला तर मतपत्रिका घरी आली होती" हा बचाव म्हणून धरून चालू नका. २०१८ मध्ये सुमारे १,५०० लोकांची नोंदणी चुकून झाल्याचं डीएमव्हीने स्वतः जाहीर केलं, आणि त्यात नागरिक नसलेलेही होते. तुमच्या नावाने असं पाकीट आलं तर मत देऊ नका, सहीही करू नका. इमिग्रेशन वकिलाला विचारा, मग काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नोंदणी रद्द करून घ्या आणि त्या पत्राची प्रत सिटिझनशिपच्या फाइलमध्ये ठेवा.