गेमचा रिफंड कसा मागावा आणि कधी मागू नये

विकत घेतलेला गेम आपल्या यंत्रावर नीट चालेल का, आणि चालला तरी आपल्याला रुचेल का, हे पैसे भरण्याआधी खात्रीने कळत नाही. ट्रेलरमध्ये निवडून घेतलेले प्रसंग असतात, किमान हार्डवेअरची यादी ढोबळ असते आणि परीक्षण लिहिणाऱ्याचे यंत्र आपल्यासारखे असतेच असे नाही. ही जोखीम एकट्या ग्राहकाच्या माथी राहू नये म्हणून रिफंडची सोय आहे आणि ती वापरताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. मात्र गेम शेवटपर्यंत खेळून झाल्यावर पैसे परत घेण्यासाठी ही सोय वापरली, तर त्याची झळ सर्वांत आधी छोटे गेम बनवणाऱ्यांना बसते. आपला हक्क पुरेपूर वापरायचा आणि दुसऱ्याच्या कष्टाचा मोबदला बुडवायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधाव्यात, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

पहिला टप्पा: पैसे भरण्याआधी नियम वाचा

सगळ्या दुकानांचे नियम सारखे नाहीत. स्टीम आणि एपिक गेम्स स्टोअर या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांकडे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचा रिफंड मिळतो. जीओजी या तशाच दुकानाने फेब्रुवारी २०२० पासून ही मुदत ३० दिवसांची केली असून तिथे गेम डाउनलोड करून खेळला असला तरी रिफंड मागता येतो. सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, मुदत १४ दिवसांची असली, तरी डाउनलोड सुरू झाले की गेम सदोष असल्याशिवाय तो हक्क राहत नाही. म्हणून मन पक्के झाले नसेल तर कन्सोलवरचे आपोआप होणारे डाउनलोड खरेदीआधीच बंद करून ठेवावे. निन्टेन्डोच्या ई-शॉपमध्ये साधारणपणे झालेली विक्री अंतिम मानली जाते, त्यामुळे तिथे डेमो असेल तर तो आधी खेळून पाहणेच शहाणपणाचे.

आणखी दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. दुसऱ्या विक्रेत्याकडून गेमची ‘की’, म्हणजे गेम खुला करणारा सांकेतिक क्रमांक, घेऊन ती स्टीमवर वापरली, तर तिचा रिफंड स्टीम देत नाही. तसेच ज्या गेममध्ये प्रकाशनाच्या काही दिवस आधीपासून खेळण्याची मुभा मिळते, तिथला तो खेळसुद्धा एप्रिल २०२४ पासून स्टीमच्या २ तासांत धरला जातो. त्याआधी या पळवाटेतून कित्येक तास खेळूनही रिफंड मागता येत असे. ती बंद झाली हे योग्यच झाले.

दुसरा टप्पा: पहिले दोन तास तपासणीसाठी ठेवा

गेमची प्रक्रिया जितका वेळ चालू असते तितका वेळ मोजला जातो. तुम्ही खेळत आहात की मेनू उघडा ठेवून जेवायला गेला आहात, याच्याशी त्या घड्याळाला देणेघेणे नसते. काही मोठे गेम पहिल्यांदा सुरू करताना शेडर (प्रकाश, सावल्या वगैरे चित्रे रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्यात बराच वेळ घेतात आणि तोही यात जातो. म्हणून सलग मोकळा वेळ असेल तेव्हाच गेम पहिल्यांदा उघडावा आणि उठताना तो पूर्ण बंद करावा.

गेम सुरू होताच कथेत शिरू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, ग्राफिक्सची पातळी, कंट्रोलरची बटणे आणि उपशीर्षकांचा आकार पाहा. मग गर्दीचा किंवा झटापटीचा पहिला प्रसंग येईपर्यंत खेळा, कारण रिकाम्या खोलीत सुरळीत चालणारा गेम तिथेच अडखळू लागतो. ऑनलाइन गेम असेल तर सर्व्हरशी जोडणी टिकते का आणि समोर खेळाडू मिळतात का, हे त्याच बैठकीत कळते. लायब्ररीत, म्हणजे आपल्या गेमच्या यादीत, दिसणारा वेळ दीड तासाजवळ आला की निर्णय घ्या. पुढे कदाचित आवडेल, या आशेवर मुदत उलटू देणारे बरेच असतात आणि नंतर त्यांची तक्रार कुणी ऐकत नाही.

तिसरा टप्पा: मागणी रास्त आहे का, हे स्वतःला विचारा

दोन तासांची मर्यादा दीर्घ गेम डोळ्यांपुढे ठेवून पाहिली तर उदार वाटते. पण काही गेमची संपूर्ण गोष्टच दीड तासात संपते आणि ती तशीच रचलेली असते. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘समर ऑफ ५८’ हा छोटा भयगेम बनवणाऱ्या एमिका गेम्सने गेमनिर्मिती अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. गेमला चांगले अभिप्राय मिळत होते. पण तो दोन तासांच्या आत पूर्ण होत असल्याने पुष्कळ खेळाडूंनी तो संपवून रिफंड घेतला होता. यात नियम कुणीच मोडला नाही. तरीही मला हा वापर अन्यायाचा वाटतो, कारण ज्यासाठी पैसे दिले ते सगळे त्या खेळाडूंना मिळाले होते.

म्हणून कसोटी सोपी ठेवावी: गेमचा शेवट पाहिला असेल तर रिफंड मागू नये, मग घड्याळ काहीही दाखवो. लांबी कमी वाटली हे कारण पुरेसे नाही, कारण ती बहुधा वर्णनावरून किंवा अभिप्रायांवरून आधीच समजते. शेवट मनासारखा झाला नाही, तर त्यासाठी अभिप्राय लिहिण्याची जागा आहे. याला अपवाद एकच: विक्रीच्या पानावर जे आहे असे सांगितले ते गेममध्ये नसेल, तर ती फसवणूक होते आणि तिथे लांबीचा प्रश्नच उरत नाही.

याउलट काही मागण्या विनाकारण संशयास्पद मानल्या जातात. गेम घेतला आणि दोनच दिवसांनी तो सवलतीत आला, तर रिफंड घेऊन कमी किमतीला पुन्हा घेणे हा गैरवापर नाही, असे स्टीमच्या धोरणातच नमूद आहे. गेम सुरूच होत नाही, डोके गरगरते, किंवा नुसता आवडला नाही, ही सगळी कारणे चालतात. मात्र रिफंड ही फुकट गेम मिळवण्याची वाट नव्हे, हेही त्याच धोरणात म्हटले आहे आणि वारंवार गैरवापर दिसल्यास ती सोय त्या खात्यासाठी बंद होऊ शकते. फसवेगिरीमुळे एखाद्या गेममध्ये व्हॅक या स्टीमच्या फसवेगिरी पकडणाऱ्या यंत्रणेने बंदी घातली, तर त्या गेमचा रिफंड मिळत नाही.

चौथा टप्पा: विनंती नेमकी लिहा

स्टीमवर मदत विभाग उघडून अलीकडच्या खरेदीतून गेम निवडावा, रिफंड हवा असल्याचा पर्याय घ्यावा आणि पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये हवेत की ज्यातून भरले त्या मूळ खात्यात, ते सांगावे. खाली टीप लिहायला जागा असते; ती रिकामी सोडू नका. ‘गेम खराब आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘दुसऱ्या प्रकरणात गुहेत शिरताच गेम बंद पडतो, ड्रायव्हर अद्ययावत करून आणि फाइली तपासूनही तेच होते’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला अडचण ताबडतोब कळते. कारण खरे तेच द्यावे. रुचला नसेल तर तसे लिहावे. खोटा तांत्रिक दोष सांगितल्याने खऱ्या दोषांच्या तक्रारींचे वजन कमी होते.

पाचवा टप्पा: मुदत संपली किंवा नकार आला तर

मर्यादा ओलांडली असली तरी विनंती पाठवता येते, आणि गेम खरोखर सदोष असेल तर पाठवावीच. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवर इतका सदोष निघाला, की सोनीने तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून पूर्ण रिफंड देऊ केला. ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत बंद झाला आणि घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले.

दुकानाचा नियम कायद्यापेक्षा मोठा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हविरुद्ध २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१६ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. रिफंडचा हक्कच नाही असे ग्राहकांना भासवले गेले, हा त्यातला मुद्दा होता. २०२० मध्ये त्याच न्यायालयात सोनीच्या युरोपीय कंपनीलाही अशाच कारणासाठी ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. युरोपीय संघात डाउनलोडला स्पष्ट संमती दिल्यावर १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क संपतो, पण सदोष डिजिटल वस्तूबद्दल दाद मागण्याचा हक्क कायम राहतो. तेव्हा नकार आल्यास आपल्या देशाच्या ग्राहक कायद्यात काय म्हटले आहे ते पाहून दुसरी विनंती लिहावी आणि पहिल्या उत्तराची प्रत सोबत जोडावी.

बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवणे, म्हणजे चार्जबॅक, हा अगदी शेवटचा मार्ग आहे. तो वापरल्यास दुकान खाते गोठवू शकते आणि मग आधी घेतलेले गेमही हाताबाहेर जातात. कार्डावर आपण न केलेला खर्च दिसला किंवा दुकानाने उत्तर देणेच सोडले, तरच तिकडे वळावे. बँकेत तक्रार केल्यानंतर दुकानाकडूनही रक्कम जमा झाली, तर बँकेला लगेच कळवून ती तक्रार मागे घ्यावी.