खारीच्या पिल्लाला भरवायला काय आणाल, काय आणू नका

परवा सकाळी शेजारच्या आक्का पदरात काहीतरी झाकून आल्या. परड्यातला नारळ साफ करताना झापांबरोबर खारीचं घरटं खाली आलं होतं. काथ्या, कापूस, कुणाच्यातरी पायपुसण्याचे दोरे आणि त्यात एक पिल्लू. आक्कांच्या दुसऱ्या हातात चांदीचं बोंडलं होतं. म्हणाल्या, "सिस्टर, नातवाचं आहे, उकळून आणलंय."

बाळंतपणाच्या वॉर्डात मी 31 वर्षं काढली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना वाटी-चमच्यानं पाजलंय, बोंडल्यानंही पाजलंय. पण खारीच्या पिल्लाला ते चालत नाही. बोंडल्यातून एका वेळी जेवढं दूध ओघळतं तेवढं या पिल्लाचं अख्खं जेवण असतं, आणि ते घशात जायच्या ऐवजी फुप्फुसात जातं. कापसाच्या वातीचंही तेच. आपल्याकडे घरोघरी पहिल्यांदा वातच पुढे येते, पण तिचे तंतू पोटात जातात आणि दूध किती गेलं ते कळतच नाही. रबरी फुगा असलेला ड्रॉपरही नको, कारण फुगा दाबल्यावर एक थेंब येईल की पाच, ते आपल्या हातात राहत नाही. प्राण्यांच्या दुकानात मिळणारी छोटी बाटली मांजराच्या पिल्लाच्या मापाची असते. तिचं बूच खारीच्या पिल्लाच्या तोंडात मावतच नाही.

सामान आणायला धावण्याआधी दोन गोष्टी. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. गार पिल्लाच्या तोंडात काहीही घालू नका, त्याला ते पचत नाही. दुसरं, पिल्लू धडधाकट असेल तर उबेसकट खोकं त्याच झाडाखाली, मांजराच्या तोंडापासून उंचावर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. ती दिवसाउजेडी येते आणि पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. हा प्रयत्न दिवस मावळेपर्यंतच करायचा. मांजरानं धरलेलं पिल्लू मात्र थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, जखम दिसत नसली तरी.

आई आली नाही तर पहिली खरेदी वजनकाट्याची. लोक दूध कुठलं आणायचं ते आधी विचारतात, मी काटा आधी सांगते. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. खिशात मावणारा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा, सराफ वापरतात तसला छोटा काटा घ्या. पूर्ण वाढलेली खार साधारण 100 ग्रॅमची, तेव्हा पिल्लाच्या बाबतीत एक ग्रॅमसुद्धा फार मोठी गोष्ट असते. एका वेळचं दूध वजनाच्या पाच टक्के धरायचं. आक्कांचं पिल्लू 16 ग्रॅम भरलं, म्हणजे एका वेळी 0.8 मिलिलिटर. रोज सकाळी पहिल्या पाजण्याआधी वजन करून वहीत लिहायचं. दोन दिवस आकडा हलला नाही तर दूध, ऊब किंवा तब्येत, काहीतरी चुकतंय.

आता सिरिंज. आमच्या मिरजेत औषधाच्या दुकानांना तोटा नाही, पण काउंटरवर "एक एमएलची सिरिंज द्या" म्हटलं की बहुतेक वेळा इन्शुलिनची हातात पडते. तिची सुई बऱ्याचदा पक्की बसवलेली असते, निघत नाही. शिवाय तिच्यावर खुणा युनिटच्या असतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 40 युनिट म्हणजे एक मिलिलिटर. रात्री दोन वाजता झोपेत हा हिशेब चुकतो. म्हणून ट्युबरक्युलिन सिरिंज मागा. सुई निघते, नळी बारीक असते आणि मिलिलिटरच्या शंभराव्या भागापर्यंत खुणा असतात. सुई काढून नीट टाकून द्या. दहा-बारा सिरिंज एकदमच आणा, महाग नसतात.

इतक्या कशाला, ते सांगते. माझ्याकडे आलेलं पहिलं पिल्लू छान पीत होतं. तिसऱ्या दिवशीही मी तीच सिरिंज धुऊन वापरली. दुधाच्या स्निग्धपणानं दट्ट्याचं रबर चिकट झालं होतं. दट्ट्या अडला, मी अंगठा जरा जोरात दाबला आणि तो एकदम सुटला. दूध नाकातून बुडबुड्यासारखं बाहेर आलं. मी डोकं खाली करून नाक पुसलं, पण रात्रीपर्यंत श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. पहाटे ते गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक सिरिंज भरण्याआधी कोरडा दट्ट्या वरखाली करून बघते. जराही अडखळला तर ती सिरिंज कचऱ्यात. उकळून निर्जंतुक करायच्या भानगडीतही पडू नका, रबर फुगतं. गरम पाणी, भांड्याचा साबण, भरपूर खळबळून कोरडी करायची आणि एक-दोन दिवसांत बदलायची. पिल्लं दोन असतील तर सिरिंजा वेगळ्या.

सिरिंजच्या टोकाला काही लावावं का, असं खूपजण विचारतात. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मी लावून पाहिली. ती निसटते, आणि दात आलेलं पिल्लू तिचा तुकडा गिळू शकतं. सलाइनच्या कॅन्युलाची नळी कापून लावली तर कापलेली कड हिरड्यांना टोचते. मी टोक उघडंच ठेवते. पिल्लू पालथं किंवा उभं धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. टोकावर एक थेंब आणून ओठाला लावायचा. आधी ते तोंड फिरवतं. मग चव कळली की दोन्ही गुलाबी पंजांनी नळी धरतं, आणि त्याच्या चाटण्याच्या वेगानं आपला अंगठा चालवायचा. केस न आलेल्या पिल्लाच्या पोटाच्या कातडीतून आतलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. ते दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

पाजायचं काय? पहिल्या दोन-तीन वेळा फक्त कोमट ओआरएस. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या, आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. खोक्यातली गोड फळांच्या चवीची पेयं नकोत. त्यानंतर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. गाई-म्हशीचं दूध देऊ नका, जुलाब होऊन पिल्लू एका दिवसात सुकतं. माणसाच्या बाळाची पावडरही नको. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं भरपूर आणि दुधातली साखर अगदी कमी असते, त्याच्या जवळ जाणारी ही कुत्र्याचीच पावडर. आधी पातळ, मग दीड-दोन दिवसांत डब्यावर लिहिलेल्या प्रमाणावर आणायची. गुठळ्या राहू नयेत म्हणून चहाची बारीक गाळणी वेगळी ठेवा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये एक दिवस, त्यापुढे ओतून द्या. पाजताना गरम पाण्याच्या वाटीत छोटी वाटी ठेवून कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा.

कापूस लागतो तो पाजायला नाही, पुसायला. डोळे न उघडलेलं पिल्लू आपणहून शी-शू करत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळूहळू पुसायचं. अंथरायला विरलेली सुती साडी किंवा फलालीन घ्या. टर्किश टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात.

पाजायचं दर दोन तासांनी, अंगावर लव आली की तीन, डोळे उघडले की चार. वेळापत्रक जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी कबूल करा. खार वन्यप्राणी आहे, पाळता येत नाही. वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा आणि पिल्लू जाणत्या हातात द्या. मीही फोन करूनच पुढचं करते.

आक्का रोज संध्याकाळी वही बघायला येतात. काल 17.4 होतं, आज 18.1. बोंडल्याचा उपयोग मी शेवटी काढला. काटा पिल्लाच्या धडपडीनं हलतो म्हणून आधी बोंडलं ठेवून आकडा शून्य करते आणि पिल्लू त्यात ठेवते. कडेनं ते अंग टेकून गप्प बसतं, आणि आक्का चष्मा पुढे घेऊन आकडा मोठ्यानं वाचतात.