लांबलेली सिरियल किंवा पुस्तकांची सिरीज नेमकी कुठे सोडायची

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा 45 ला टेकलेला, घरात कूलर सुरू, अशात बरेच लोकं एखादी मोठी सिरीज लावून बसतात आणि जून लागेपर्यंत पाच सीझन होऊन जातात. मंग "आता एवढं पाह्यलं तर शेवटही पाहूनच घेऊ" असं सुरू होतं, मजा केव्हाचीच गेलेली असते पण सोडवत नाही. माझं म्हणणं असं आहे की गोष्ट आपल्यासाठी कुठे संपली हे आपण ठरवायचं, चॅनेलनी किंवा प्रकाशकानी नाही. ते कसं ठरवायचं ते सांगते.

आधी गोष्टीचा प्रश्न शोधा. पहिले दोन-तीन भाग झाले, किंवा पुस्तकाची शंभरेक पानं झाली की मोबाईलमध्ये एका ओळीत लिहून ठेवा की मी हे कशासाठी पाहतेय, मला नेमकं काय कळून घ्यायचंय. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मराठी सिरियल घ्या, 2016 ते 2021 चालली, नागपूरची राधिका आणि तिची ती आपल्याकडची बोली, त्यामुळे इथे तर घराघरात पाह्यली गेली. तिच्यातला प्रश्न सरळ होता, नवरा दुसरीच्या मागे गेल्यावर ही बाई स्वतःच्या पायावर उभी राहते का. ती मसाल्याच्या धंद्यातून उभी राह्यली, उत्तर मिळालं. त्यानंतर जे होतं ते आवडत असेल तर खुशाल पाहा, पण गोष्ट अर्धवट सोडल्याची रुखरुख ठेवायचं कारण नाही, तुमच्या प्रश्नापुरती ती पूर्ण झालेली आहे.

काही सिरीजना असा एक प्रश्नच नसतो आणि त्यांना लांबीचा त्रास होत नाही. सीआयडी 1998 ला सुरू झाली, 2018 पर्यंत दीड हजाराच्या वर भाग झाले, पण केस सुरू झाली की ती त्याच भागात नाहीतर दोन-तीन भागांत मिटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तसाच, कुठलंही पुस्तक उचला आणि वाचा. यात सोडायचं काही नाही, मन झालं की या, नाही झालं तर नका येऊ. म्हणून नुसता भागांचा आकडा पाहून घाबरू नका, आधी सिरीज कोणत्या जातीची आहे ते पाहा.

आता लांबतं काहून, हे कळलं की सोडणं सोपं जातं. रोजची सिरियल जाहिरातींवर चालते. टीआरपी आहे तोवर ती बंद करणं कोणालाच परवडत नाही, सेट उभा आहे, कलाकार बांधलेले आहेत, आणि लेखकाला शेवट कधी करायचा हेच सांगितलेलं नसतं, त्यामुळे तो उत्तर पुढे ढकलत राहतो. अमेरिकेतल्या 'लॉस्ट' या टीव्ही सिरीजचं हेच झालं होतं, 2004 मध्ये सुरू झाली, तिसऱ्या सीझनला गोष्ट जागच्या जागी फिरायला लागली, मंग 2007 मध्ये चॅनेल आणि लेखकांनी मिळून जाहीर केलं की 2010 ला संपवायची. शेवट कोणाला आवडला कोणाला नाही तो भाग वेगळा, पण तारीख ठरल्यावर गोष्ट पुन्हा चालायला लागली. आपल्याकडच्या सिरियलचं मात्र बहुतेक वेळा उलटं होतं, टीआरपी पडला की घाईघाईत सगळं आवरतात, वर्षानुवर्षं लांबवलेलं भांडण चार दिवसांत मिटतं आणि सगळे एका फोटोत हसतात. त्या शेवटासाठी तर बिलकुल थांबू नका.

ताणल्याच्या खुणा ओळखा. मिटलेली भानगड नव्या माणसाच्या हातून परत सुरू झाली, कोणाची तरी स्मृती गेली, मेलेला माणूस परत आला, गोष्ट एकदम पाच वर्षं पुढे नेणारा लीप आला, एका वाक्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले, तर सावध व्हा. पुस्तकात हे थोडं उशिरा कळतं, कारण जाडी वाढली की वाटतं मजकूर वाढला. तेव्हा एकच पाहायचं, या भागात गोष्ट किती दिवस पुढे गेली आणि नवीन पात्रं किती आली. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कादंबऱ्यांच्या सिरीजचा दहावा भाग 2003 मध्ये आला, भलामोठा, पण त्यातला बराचसा काळ नवव्या भागाच्या शेवटी जे घडलं त्याच वेळचा आहे, म्हणजे आधीच्या घटनेच्या आजूबाजूलाच फिरत राहतो. तरी ही सिरीज पूर्ण झाली, जॉर्डन 2007 मध्ये वारले, मंग ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकानी त्यांच्या नोट्सवरून शेवटचे तीन भाग लिहिले, 2013 ला चौदावा आला. म्हणून नवीन सिरीज घ्यायच्या आधी एवढं नक्की पाहा की ती संपलीय का. गेम ऑफ थ्रोन्स टीव्हीवर 2019 मध्ये संपलं, पण ज्या पुस्तकांवर ते आहे त्यातलं पाचवं 2011 मध्ये आलं आणि अजून त्याच्याच पुढच्या भागाची वाट पाहणं सुरू आहे. पुस्तकं चांगली आहेत, वाचा, फक्त शेवट हातात येईलच असं धरून सुरू करू नका.

शंका असेल तर परीक्षा घ्या. रोजची सिरियल असेल तर एक आठवडा बघूच नका आणि मंग एकच भाग लावा, सगळं पाच मिनिटांत समजलं तर त्या आठवड्यात काही घडलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत करा, तेच झालं तर सोडा. वेब सिरीज सीझनच्या शेवटीच सोडा, मधे नको, मधे सोडलं की डोक्यात लटकून राहतं. मोठं पात्र जिथे निघून जातं ती जागाही चांगली असते, 'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी सिरीजमध्ये सातव्या सीझनला मुख्य भूमिकेतला स्टीव्ह कॅरेल सिरीज सोडून गेला, पुढे आणखी दोन सीझन आहेत, पण सातव्यानंतर थांबलेल्या माणसाला काही कमी पडत नाही. पुढचं फारच खुपत असेल तर शेवट वाचून टाका, स्पॉयलरची भीती आता कशाला, सोडलेलीच आहे ना.

घरी दुसरं कोणी पाहत असेल तर हे नियम त्यांच्यावर लादू नका. आई किंवा आजी संध्याकाळी सातला टीव्ही लावतात तेव्हा त्यांना बरेचदा गोष्टीचं उत्तर नको असतं, रोजची ओळखीची माणसं दिसायला हवी असतात आणि दिवसभर एकट्या असलेल्या बाईला ती सोबत खरी वाटते. तिथे "काय तेच तेच पाहून राह्यलीस" म्हणू नये. शेजारी बसा, भाजी निवडा, मधे मधे विचारा कोण कोणाचं, त्यांना सांगायला आवडतं.

पुस्तकांचे उरलेले भाग आणून ठेवले असतील तर कपाटात समोर ठेवू नका, रोज दिसतात आणि टोचतात. एखाद्या वाचणाऱ्या पोराला पहिल्या भागापासून सगळा संच देऊन टाका, नाहीतर नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारून पाहा. तुम्हाला आवडलेला तेवढा एक भाग मात्र ठेवून घ्या, तो परत वाचायला पुढचे भाग लागत नाहीत.