हवामान बदलाच्या तयारीसाठी रोल-प्ले गेम कसा घ्यायचा

हवामान बदलावर प्रेझेंटेशन दिलं की लोक मान डोलावतात आणि घरी जातात, बस. त्यापेक्षा त्यांना तासभर भांडायला बसवा, पण स्वतःच्या नाही तर दुसऱ्याच्याच बाजूने. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक लॉरेन्स सस्किंड आणि त्यांच्या टीमने तिथल्याच वेल्स, डोव्हर, बार्नस्टेबल आणि क्रॅन्स्टन या चार किनारी ठिकाणी हेच केलं, प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा गेम बनवून.

आधी एकच निर्णय पकडा. 'हवामान बदल' हा विषय गेमसाठी फार मोठा आहे, पण "नदीकाठची वस्ती हलवायची, भिंत बांधायची की नुसती इशारा यंत्रणा बसवायची" यावर कोणीही बोलू शकतं. पैसे कमीच ठेवा: 10 टोकन द्या आणि तिन्ही कामांचा मिळून खर्च 25 ठेवा, म्हणजे सगळ्यांना खूश करायची सोयच राहणार नाही.

भूमिका सहा ते आठ पुरे. महापौर, इंजिनिअर, घरमालक, भाडेकरू, दुकानदार, आरोग्यसेविका वगैरे. प्रत्येकाला दोन कागद द्यायचे, एक सगळ्यांना सारखा आणि दुसरा गुपित, आणि गेमचा जीव या गुपितातच असतो बरं का. उदाहरणार्थ दुकानदाराला दुकान गुपचूप विकायचंय म्हणून पुराचा नकाशा बाहेर यायला नको, आणि भाडेकरूला दिवसा मीटिंगला यायला सुट्टीच मिळत नाही. खऱ्या अधिकाऱ्याला भाडेकरू करा, हे मात्र नक्की करा. स्वतःचीच खुर्ची मिळाली की माणूस नेहमीचंच भाषण ठोकतो.

सारख्या कागदावरचे आकडे खरे हवेत, पण मोजकेच. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते म्हणून मुसळधार पाऊस आणखी जोरात पडतो, किंवा 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा, म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर 30 वर्षांत निदान एकदा यायची शक्यता सुमारे 26 टक्के असते (हे ऐकून लोक जाम दचकतात).

अनिश्चितता समजवायला फासा टाका. रेड क्रॉस रेड क्रेसेंटच्या क्लायमेट सेंटरच्या गेममध्येही फासे असतात. पहिल्या फेरीत 6 पडला तर पूर, पुढच्या फेरीत 5 आणि 6 दोन्हीला पूर (हवामान बदललं की पुराची शक्यता वाढते, तसंच), आणि नियम का बदलला हे लगेच सांगू नका, त्यांनाच विचारू दे.

आता चर्चा. खेळायला तास लागला तर गेमनंतरच्या बोलण्याला निदान अर्धा तास ठेवा, वेळ कमी पडला तर खेळ कापा पण हे नको. भूमिकेतून बाहेर या असं आधी स्पष्ट सांगायचं, नाहीतर गेममधला राग तसाच घरी जातो. मग गुपितं उघडा आणि विचारा, कोणाचं कोणी ऐकलंच नाही? खऱ्या आयुष्यात हा माणूस मीटिंगला असतो का?

कोणी खरंच पुरात घर गमावलेलं असेल तर त्याला आधीच बाजूला घेऊन विचारा, खेळायचं नसेल तर निरीक्षक करा. आणि गेममध्ये ठरलं ते 'लोकांनी मंजूर केलं' म्हणून कुठल्या अहवालात घुसवू नका, पुढच्या वेळी कोणी येणार नाही.