दहा मीटर एअर रायफल घेताना या चुका टाळा

स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं, तेव्हापासून पालक एकच प्रश्न घेऊन येतात: मुलाला वाल्थर घेऊ, फाइनवेर्कबाउ घेऊ की ॲन्शुट्झ? आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात 10 मीटर एअर रायफलनं होते, म्हणून इथे तिच्याबद्दलच लिहितो. हे तिन्ही जर्मन कारखाने नावाजलेले आहेत. त्यांच्या नव्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलींमध्ये अचूकतेचा फरक इतका थोडा असतो की नुसत्या नावावरून निवड करण्यात अर्थ नाही. पैसे वाया जातात ते दुसरीकडेच.

खांद्यावर घेऊन रायफलीची परीक्षा घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मुलगा दहा शॉट मारतो, ग्रुप (सगळ्या भोकांचा पुंजका) पसरतो आणि रायफल नापास होते. शेजारच्या लेनवरच्या मुलीचा ग्रुप छान येतो, म्हणून तिची रायफल भारी ठरते. यात रायफलीचा वाटा किती आणि नेमबाजाचा किती, हे कळायला काही मार्गच नाही.

रायफल तपासायची ती वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आवळून, माणसाचा हात न लागता. पेलेट (शिशाचे छर्रे) एकाच डब्यातले वापरा आणि दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप काढा. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप योगायोगानंही पडतो, त्यावर भुलू नका.

ग्रुप मोजायचा कशाच्या हिशेबात, तेही समजून घ्या. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो आणि पेलेट 4.5 मिलिमीटरचा. पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की 10.0, आणि तिथून आत साधारण पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो. आता समजा, वाइसमधला ग्रुप बाहेरून बाहेर 8 मिलिमीटर भरला. म्हणजे पेलेटचे मध्य साडेतीन मिलिमीटरमध्ये पसरले. नेम अगदी बरोबर असला तरी कडेचे शॉट 10.3 च्या आसपासच जाणार. तोच ग्रुप साडेपाच मिलिमीटर असेल, तर कडेचा शॉटही 10.8 च्या जवळ राहतो. पात्रता फेरीत 60 शॉट असतात आणि गुण दशांशात मोजले जातात, त्यामुळे हा फरक साठ वेळा भोगावा लागतो.

मात्र ग्रुप मोठा आला म्हणून लगेच रायफलीला दोष देऊ नका. आधी पेलेट बदला. डब्यावर 4.49, 4.50 असा हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, लिहिलेला असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो. एका बॅचला रुसलेली बॅरल (नळी) दुसऱ्या बॅचला एकाच भोकात शॉट घालताना दिसते. दोन रायफलींची तुलना करताना दोघींनाही तीन-चार बॅच खाऊ घाला आणि प्रत्येकीचा सर्वांत चांगला निकाल शेजारी शेजारी ठेवा.

मुलाच्या मापाची नसलेली रायफल घेणं

वाइसमध्ये पास झालेली रायफल मग खांद्यावर घ्यायची. नियमानं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण म्हणून बारा वर्षांच्या पोरानं पाच किलो उचलावं असं नाही. पाठ मागे वाकवून तोल सांभाळायची सवय लागली की ती पुढे सुटता सुटत नाही. हलकं ज्युनिअर मॉडेल घ्या, बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकवायचा भाग) किती सरकतं ते पाहा. मान न ताणता डोळा थेट रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या नेमाच्या, भोकासमोर आला पाहिजे.

प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्यावर भर देतो तो, कुठला हे खरेदीआधीच तपासा. दोन्ही तळव्यांमधून लहानसं भोक करून दूरची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. उजवा हात आणि डावा डोळा असं निघालं, तर कोचशी बोलल्याशिवाय उजव्या हाताचा स्टॉक (रायफलीचा दांडा) घेऊ नका.

बिघाडाचा विचारच न करणं

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै 2021 ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले शॉट घाईनं मारावे लागले आणि 575 गुणांवर ती बारावी आली. आठ जणींची अंतिम फेरी हुकली. तिच्यासारख्या खेळाडूवर ही वेळ येते, तर आपण विचारून घेतलेलंच बरं: सुटे भाग भारतात मिळतात का? ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलून देणारा माणूस कुठे आहे? पहिल्या रायफलीला माझं मत इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल ट्रिगरला (घोड्याला) आहे, बॅटरी आणि सर्किटची चिंता नको.

हवेची गळती पकडायला दाबलेल्या हवेचं सिलिंडर भरून रायफलीला जोडा, दाब लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. गारठ्यानं काटा किंचित उतरतो, पण ठळक उतरला तर कुठलं तरी सील गेलंय.

रेग्युलेटरचा (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा) दोष मात्र लपून बसतो. त्यासाठी वेग मोजणारा क्रोनोग्राफ हवा. सलग दहा शॉट मोजा, मग रायफल अर्धा तास तशीच ठेवा आणि पुढचा शॉट मोजा. मॅच रायफलीचा वेग सेकंदाला साधारण 170 मीटर असतो. विश्रांतीनंतरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जोरात गेला, तर रेग्युलेटरमधून हवा पाझरते आहे. असा शॉट कार्डावर वर लागतो आणि मुलगा बिचारा स्वतःचा श्वास तपासत बसतो.

हवेच्या भागात घरातलं तेल कधीच घालू नका. दाबाखालच्या हवेत तेलाचा भडका उडू शकतो. उत्पादकानं सांगितलेलं ग्रीसच वापरा.

परवान्याबाबत गैरसमज

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूल ऊर्जेपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पक्कं बिल आणि त्यावर रायफलीचा नंबर मात्र हवाच.

जुनी रायफल घेताना सिलिंडरची तारीख न पाहणं

जुनी मॅच रायफल घेणं वाईट नाही. बॅरल वर्षानुवर्षं टिकते, सिलिंडर टिकत नाही. त्यावर तारीख कोरलेली असते आणि हे जर्मन उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर 200 बार दाबानं भरणं धोक्याचं आहे, आणि स्पर्धेच्या तपासणीत ते अडवलंही जाऊ शकतं. मुदत खेळाडूनंच सांभाळायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे विकणाऱ्यानं कितीही कमी किंमत सांगितली, तरी आधी सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो मागवा, नव्या सिलिंडरची किंमत त्यात मिळवा आणि मगच नव्या रायफलीशी तुलना करा.