लॉलीपॉप लेडीने पाटी दाखवली की गाडी थांबलीच पाहिजे

सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की इथल्या, म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या, मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. शाळेजवळ पिवळ्या कोटातल्या एका बाईंनी गोल पाटी दाखवून गाडी अडवली, त्या पोलीस तर नव्हत्या, मग त्यांना तसा अधिकार आहे का? आहे. पूर्ण आहे. आणि तो न मानणं हा गुन्हा आहे, शिष्टाचाराचा भाग नाही. इंग्लंड-वेल्समध्ये नव्याने आलेल्यांना घरभाडं, बँक, डॉक्टरची नोंदणी यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, याबद्दल मात्र कोणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्यांचं अधिकृत नाव स्कूल क्रॉसिंग पेट्रोल (खाली नुसतं ‘पेट्रोल’ म्हटलंय ते हेच, इंधन नव्हे). बोलताना सगळे लॉलीपॉप लेडी किंवा लॉलीपॉप मॅन म्हणतात, कारण उंच दांड्यावरची ती गोल पाटी दिसतेच तशी. नेमणूक सहसा कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेची, असते. या व्यवस्थेला १९५३ साली कायद्याचा पाया मिळाला. आज लागू आहे तो १९८४ चा रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अ‍ॅक्ट, त्यातलं कलम २८. ते सांगतं, की गणवेशातल्या पेट्रोलने ठरलेली पाटी दाखवली की चालकाने थांबायचं. कुठे? जिथून कोणी रस्ता ओलांडतंय किंवा ओलांडू बघतंय, त्या जागेच्या अलीकडे, आणि ओलांडणाऱ्याची वाट अडणार नाही असं. कलमाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: पाटी दाखवलेली आहे तोवर गाडी त्या जागेकडे पुन्हा हलवायची नाही.

आपली मंडळी चुकतात ती याच दुसऱ्या भागात. पहिल्यांदा थांबतात सगळेच. समोर शंभर पोरं दप्तरं घेऊन उभी असताना गाडी घालणारा माणूस विरळा. पण पोरं पलीकडच्या फूटपाथवर पोचली, आपली बाजू मोकळी दिसली, बाई मात्र अजून पाटी धरून रस्त्याच्या मधोमध, की ब्रेकवरचा पाय आपोआप सैल होतो. स्वारगेटच्या चौकात किंवा ठाणे स्टेशनबाहेर गाडी चालवून आलेल्या माणसाचा डोळा फट शोधायला शिकलेला असतो. ते कौशल्यच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. त्याशिवाय तिथे संध्याकाळी घरी पोचता येत नाही. इथे मात्र रस्ता मोकळा आहे की नाही हे ठरवण्याचं काम त्या पाटीपुरतं तुमच्याकडून काढून घेतलेलं आहे. एखादं पोर मागे राहिलेलं असतं, एखादी आई बाबागाडी घेऊन धावत येत असते, आणि ते बाईंना दिसतं, तुम्हाला दिसत नाही. त्या फूटपाथवर परत गेल्या, पाटी खाली आली किंवा वळली, की मग निघायचं. मागचा चालक हॉर्न वाजवणार नाही, काळजी नसावी.

पाटीच्या खुणा हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, चित्रांसकट दिल्या आहेत. थिअरी टेस्टच्या, म्हणजे लायसन्ससाठीच्या लेखी परीक्षेच्या, अभ्यासात त्या येतातच. गाडी चालवताना दोनच लक्षात ठेवल्या तरी चालेल. बाई अजून कडेलाच आहेत पण पाटी उभी धरली आहे, म्हणजे पोरं निघायच्या बेतात आहेत: वेग उतरवा, थांबायची तयारी ठेवा. रस्त्यात उतरून पाटीचा चेहरा तुमच्याकडे आणि दुसरा हात आडवा पसरलेला, म्हणजे थांबा. समोरून येणाऱ्यांनाही तोच हुकूम. थांबताना अगदी त्यांच्या कोटाला बंपर टेकेल इतकं पुढे जाऊ नका, गाडीभर अंतर सोडा. वेल्समध्ये पाटीवर वेल्श शब्दही असतो, आकार आणि अर्थ तोच.

काही समज खोडून काढतो. पाटी फक्त मुलांसाठी असते, हा एक. पूर्वी तसंच होतं, वेळही सकाळी ८ ते संध्याकाळी ५.३० अशी बांधलेली होती. सन २००० च्या ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्टने कलम बदललं आणि २००१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये पेट्रोल कोणालाही रस्ता ओलांडून देऊ शकतात. बाजाराची पिशवी घेतलेल्या एकट्या आजोबांसाठी पाटी दिसली तरी थांबायचंच. दुसरा समज सायकलवाल्यांचा. कलमात ‘वाहन’ आहे, मोटार नाही. सायकलही त्यात आली. तिसरा सिग्नलचा. काही ठिकाणी पेट्रोल झेब्रावर किंवा सिग्नलच्या क्रॉसिंगवरच उभे असतात. दिवा हिरवा आणि पाटी तुमच्याकडे, असं झालं तर पाटीचं ऐकायचं. ‘पाटी नियमाप्रमाणे नव्हती, कोट घातला नव्हता’ असली पळवाटही फारशी चालत नाही, कारण उलट सिद्ध होईपर्यंत पाटी आणि गणवेश योग्यच होते असं न्यायालयाने धरावं, हेही त्याच कलमात लिहिलंय.

महाराष्ट्रात शिकलेल्यांना आरएसपी, म्हणजे शाळेतलं रोड सेफ्टी पेट्रोल, आठवत असेल. शाळा सुटताना गणवेशातली आपलीच पोरं हात आडवे करून रस्त्यावर उभी राहायची आणि भले रिक्षावाले थांबायचे. थांबायचे ते पोरांकडे बघून, किंवा शेजारी हवालदार असेल तर त्याच्याकडे बघून. म्हणून इथेही मनात ते ‘भले असाल तर थांबा’ खातं उघडं राहतं. ते बंद करा.

आता पैशांचं आणि लायसन्सचं, कारण खरा फटका तिथे आहे. पाटी न मानल्याचा दंड १००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि लायसन्सवर ३ पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, बसतात. नोंदीचा कोड टीएस६०, आणि ती नोंद गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षं राहते. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले तर गाडी चालवायला बंदी, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण नव्याने आलेल्यांसाठी हिशोब १२ चा नाहीच, ६ चा आहे.

ते असं. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. भारताचं लायसन्स इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, त्यामुळे पुढे चालवायचं तर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढा, थिअरी द्या, मग प्रत्यक्ष परीक्षा द्या. परीक्षा पास झालात की पुढची दोन वर्षं तुम्ही कायद्याने नवशिके. मुंबई-गोवा रस्त्यावर पंधरा वर्षं गाडी हाकली असेल, ती इथे कोणी मोजत नाही. १९९५ च्या नव्या चालकांच्या कायद्याप्रमाणे या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, आणि पुन्हा थिअरीपासून सुरुवात. प्रोव्हिजनलवर आधीच पॉइंट असतील तर तेही बरोबर येतात. म्हणजे ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर वेगात सापडलात आणि ३ पॉइंट लागले, नंतर एका सकाळी ऑफिसच्या घाईत पाटीसमोरून गाडी काढली, ३ आणखी. झालं. परीक्षेच्या तारखा किती लांबच्या मिळतात हे ज्यांनी एकदा शोधल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय इन्शुरन्सवाले नूतनीकरणाच्या वेळी विचारतात, तेव्हा खरं सांगावं लागतं आणि हप्ता वाढतो. लपवलं आणि पुढे अपघात झाला तर पॉलिसीच वादात.

‘पकडणार कोण’ असं कोणी म्हटलंच तर: बाई गाडीचा नंबर टिपून घेतात, तो पुढे पोलिसांकडे जातो. काही ठिकाणी पाटीच्या दांड्यावर किंवा कोटावर कॅमेराही असतो. मग ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला पत्र येतं, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा म्हणून. उत्तराला २८ दिवस असतात. घर बदललं आणि गाडीच्या नोंदणीवर जुनाच पत्ता राहिला, असं आपल्याकडे फार होतं. पहिल्या दोन वर्षांत घरं किती बदलतात! पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिलं आणि चालकाचं नाव कळवलंच नाही, तर त्याचा वेगळा गुन्हा, आणि त्याला ६ पॉइंट. मूळ चुकीच्या दुप्पट. म्हणून घर बदललं की गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) आणि लायसन्सवरचा, दोन्ही पत्ते त्याच आठवड्यात बदला. ते फुकट होतं.

शाळेच्या आसपासचं आणखी थोडं. ‘शाळा’ दाखवणाऱ्या त्रिकोणी पाटीखाली दोन पिवळे दिवे आलटून पालटून लुकलुकत असतील तर पुढे मुलं ओलांडत असण्याची शक्यता आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. दारासमोर पिवळ्या नागमोडी रेषा असतात तिथे ‘फक्त पोराला उतरवतो’ म्हणूनही थांबू नका, त्या रेषांमुळेच बाईंना आणि मुलांना येणारी गाडी दिसते. थांबलेल्या गाडीतून घाई दाखवायला हॉर्न मारणं इथे नियमाबाहेर आहे. अमेरिकेतून बदली होऊन आलेल्यांसाठी: थांबलेल्या स्कूलबसमागे सगळ्यांनी थांबलंच पाहिजे असा कायदा इथे नाही, हळू आणि जपून जायचं एवढंच. पाटीचा नियम मात्र इथे पक्का.

आता पालक म्हणून. पेट्रोल ठेवणं ही कौन्सिलवर कायद्याची सक्ती नाही, सोय आहे. बाई आजारी पडल्या, किंवा पैसे नाहीत म्हणून ती जागाच बंद झाली, तर कोपऱ्यावर कोणी नसतं, आणि पोराला शाळेत सुखरूप पोचवण्याची जबाबदारी तेव्हाही आई-बापाचीच धरतात. म्हणून पाटीच्या भरवशावर न राहता मुलांना रस्ता ओलांडायला शिकवा. पाचवी-सहावीच्या वर्षात मुलं एकटी जायला लागतात. ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे गेलं की शाळेनंतरच्या क्लबवरून परतताना अंधार असतो, तेव्हा गडद जॅकेटवर चमकणारा पट्टा लावून द्या.

भारतातून आलेल्या आजी-आजोबांवर नातवंडांना सोडण्याचं काम बहुतेक घरांत येतं, आणि ते आनंदाने करतात. त्यांना एक गोष्ट आधी प्रत्यक्ष नेऊन दाखवा. बाई रस्त्यात उतरल्या म्हणून लगेच मागोमाग उतरायचं नाही. कडेलाच थांबायचं, त्या दोन्हीकडच्या गाड्या थांबल्याची खात्री करून या म्हणतील, मग त्यांच्या समोरून जायचं. आणि ‘थँक यू’ म्हणायला सांगायची गरज पडत नाही. तिसऱ्या दिवशी आजींची त्या बाईंशी ओळख झालेली असते, चौथ्या दिवशी डब्यातून चकल्या जातात.